देव असो वा नसो, त्याच्या दाराला कुलूप कोण लावतं?

माणदेशी

दोन प्रश्न आपल्याकडे कायम जोडीनं येतात. देव आहे का, आणि धर्म माणसांना तोडतो का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ आलं की दुसरा आपोआप निकालात निघेल, असं नास्तिक मंडळी धरून चालतात. श्रद्धावंतांना वाटतं, देवावर खरा भाव असला की भेद उरतच नाही. मला दोन्ही पटत नाही. प्रश्न वेगवेगळे आहेत, आणि एकत्र बांधल्यामुळे दुसरा, जो जास्त निकडीचा आहे, तो कायम मागे पडतो.

पंढरपूरचंच बघा. विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी 1 मे 1947 रोजी उपोषणाला बसले. बसायला जागा मिळाली ती तनपुरे महाराजांच्या मठात. त्याआधी काही महिने गुरुजींनी महाराष्ट्र पालथा घातला होता, गावोगावची देवळं आणि विहिरी खुल्या करून घेतल्या होत्या. मंदिर खुलं करायचं मान्य झालं आणि 10 मेला उपोषण सुटलं. स्वातंत्र्य तीन महिन्यांवर आलेलं होतं.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे. चोखोबा गेले चौदाव्या शतकात. म्हणजे सहाशे वर्षं त्यांचे अभंग आत गायले जात होते आणि त्यांच्या जातीचा माणूस बाहेर समाधीपाशी थांबून कळसाला हात जोडत होता. मंदिर खुलं होणार म्हटल्यावर काही कर्मठ मंडळींनी देवाचं तेज मंत्रानं घागरीत काढून घेतलं आणि पुढे त्या घागरीचीच पूजा चालवली, अशी हकिगत पंढरपुरात सांगतात.

माझा मुद्दा एवढाच. दाराच्या आतले आणि बाहेरचे, दोघेही देव मानणारे होते. उपोषणाला बसलेला माणूसही देव मानणारा होता. देव आहे की नाही यावर त्या दारात कोणाचंही भांडण नव्हतं. भांडण होतं ते देव कोणाच्या ताब्यात, यावर.

तुमच्या गावात, घरात हे कुलूप कुठे दिसलं ते लिहा. देव सिद्ध करायचा असेल, खोडून काढायचा असेल, तर तेही लिहा. फक्त त्यानं माणसांच्या वागण्यात काय फरक पडतो, ते सांगा.

प्रश्नचिन्ह

माणदेशी, मांडणी चांगली आहे, पण तुम्ही देवाला फार स्वस्तात सोडलंत.

त्या कुलपाला जोर कुठून आला? ‘आम्हाला चालत नाही’ असं कोणी म्हणालं नाही. ‘देवाला विटाळ होतो’ असं म्हणाले. माणूस स्वतःच्या नावावर असं बोलला की त्याला जाब विचारता येतो, त्याला कोर्टात खेचता येतं. तोच देवाच्या नावावर बोलला की विचारायचं कोणाला? देव काही येऊन सांगत नाही की मला विटाळबिटाळ होत नाही. म्हणून ‘देव आहे का’ हा प्रश्न मला बाजूला ठेवता येत नाही. ज्याचा पुरावा मागता येत नाही अशा गोष्टीच्या नावानं हुकूम काढायची सोय समाजात असेल, तर तिचा फायदा जो आधीच वर बसलाय त्यालाच होणार.

आगरकरांनी एकोणिसाव्या शतकातच हे सगळं लिहून ठेवलं. त्या बदल्यात पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. 39 वर्षांचं आयुष्यही पुरतं लाभलं नाही त्या माणसाला.

तुळशीमाळ

मी माळकरी आहे. आमच्या घरात चार पिढ्यांची वारी आहे. मला देव सिद्ध करायचा नाही, कारण मी सिद्ध झाल्यावर मानायला लागलेलो नाही. वारीत पहाटे तंबू उतरवताना, पावसात चिखलात चालताना जे आत उभं राहतं त्याला मी विठ्ठल म्हणतो. प्रश्नचिन्ह यांनी ते मनाचे खेळ म्हणावेत, माझी तक्रार नाही.

पण ‘भाव असला की भेद उरत नाही’ हे वाक्य माझ्यासारख्यानं तरी बोलू नये. दिंडीत एकमेकांच्या पायी लागतो आणि मुक्कामाला पंगत बसली की कोण कोणाच्या शेजारी बसतं ते मी बघत आलोय. आता पुष्कळ सैल झालंय. सैल झालं ते आपोआप नाही, कोणीतरी दरवेळी मुद्दाम शेजारी जाऊन बसलं म्हणून.

गाडगेबाबांचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. पंढरपुरात यायचे, वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तन करायचे, आणि मंदिरात दर्शनाला जायचे नाहीत. ‘देव कुठं राहतो, तुमच्या देवाला धोतर कोण नेसवतं’ असे प्रश्न समोरच्या हजारो भाविकांना विचारायचे, आणि मुखी ‘गोपाला गोपाला’ असायचं. त्यांना आस्तिक म्हणायचं की नास्तिक? पंढरपुरात त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली आणि 1949 साली ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. देवळाबाहेर थांबवलेल्या माणसाला रात्री पाठ टेकायला जागा लागते, हे ज्याला दिसलं, त्याला माझ्या लेखी देव दिसला.

गोदाकाठ

वरच्या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. दार कोणी उघडलं, कोणी बंद ठेवलं, हेच चाललंय. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काय वाटत होतं?

मी नाशिकचा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं. त्या वर्षीच्या रामनवमीला रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. पुढे वर्षानुवर्षं लढा चालला, दार काही उघडलं नाही. 1934 साली बाबासाहेबांनी दादासाहेबांना कळवलं की हा सत्याग्रह मूर्तिपूजेची ओढ होती म्हणून सुरू केलेला नव्हता. समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी, अंगात बळ यावं, म्हणून केला होता. आता ती शक्ती शिक्षणाकडे आणि राजकारणाकडे वळवायची. 13 ऑक्टोबर 1935 ला येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ते खरं केलं.

म्हणजे पंढरपूरचं दार 1947 साली उघडलं तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्या दाराकडे पाठ फिरवलेली होती. गुरुजींबद्दल मला आदर आहे. पण ‘या, आता आत या’ हे ऐकायला आम्ही ताटकळत उभे होतो, असं चित्र कृपा करून रंगवू नका.

आणि देवाचं म्हणाल तर बाबासाहेबांनी स्वीकारला तो धर्म ईश्वर न मानणारा. देव नाही, पण धर्म आहे, आणि त्या धर्माचा गाभा म्हणजे माणसानं माणसाशी कसं वागायचं. धागाकर्त्यांचे दोन प्रश्न वेगळे आहेत याचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही. माझी आजी अक्षरओळख नसलेली होती, तिला दीक्षेच्या दिवशीच्या बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ होत्या. तिच्या पाठीचा कणा त्या दिवसापासून ताठ झाला, असं ती स्वतः सांगायची.

तेरणाकाठ

आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. देव आहे का, हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकातून आला नाही.

30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. घरं दगडमातीची, वर माळवद. उन्हाळ्यात गार राहावं, पावसात गळू नये म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा थर चढवायचा. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली ती माती खाली आली. सुमारे 10 हजार माणसं गेली. तासाभरापूर्वी ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणून घरी आलेली पोरं त्यात होती.

माझ्या चुलत्यानं त्या दिवशी देव्हारा उचलून शेतातल्या विहिरीत टाकला. परत कधी हात जोडले नाहीत. त्याच घरातली माझी आजी, जिचा एक मुलगा आणि दोन नातवंडं गेली, ती पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेल्यावरसुद्धा एकादशी धरत राहिली. दोघं एकाच चुलीवर जेवत. चुलता तिला कधी ‘सोड हे’ म्हणाला नाही, तीही त्याला काही बोलली नाही. मला विचाराल तर देवाबद्दल याहून पलीकडचं कोणाला ठाऊक नसावं, म्हणून मी वादात पडत नाही.

मात्र ‘पाप वाढलं म्हणून झालं’ असं त्या वेळी बोलणारे भेटले, त्यांचा राग अजून जात नाही. हे बोलणं जुनंच आहे. 1934 च्या बिहारच्या भूकंपानंतर खुद्द गांधीजींनी तो अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा असल्याचं म्हटलं होतं, आणि रवींद्रनाथांनी त्याला जाहीर विरोध केला होता. हेतू कितीही चांगला असो, मी रवींद्रनाथांच्या बाजूचा. बाळंतपणाला माहेरी आलेली पोरगी कोणाच्या पापासाठी दबून मेली?

आणि शेडमधले दिवस सांगतो. लंगर लावलेले शीख, मुंबईहून आलेल्या मुस्लिम डॉक्टरांची गाडी, चर्चची माणसं, सेवा दलाची पोरं, सगळे एका रांगेत काम करत होते आणि आम्ही सगळ्या जातींचे एका रांगेत ताट घेऊन उभे होतो. नवीन गाव वसलं तेव्हा ज्याची जमीन जास्त त्याला मोठं घर, भूमिहीनाला सगळ्यात लहान, असा हिशेब झाला. गावात पुन्हा वेगवेगळ्या आळ्या झाल्या. त्यात कोणत्याही देवाचा हात नव्हता.

प्रश्नचिन्ह

तेरणाकाठ, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. चुलत्याची विहीर आणि आजीची एकादशी, दोन्हीबद्दल मनात फक्त आदर आहे.

मिरजकर

आमचं गाव एकाच वेळी दोन्ही बाजूंचं उदाहरण आहे, म्हणून लिहितो.

मिरजेत ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसात पहिला मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, चर्मकार समाजाचा असतो. जे कुठल्याच देवळात पुढे नव्हते, त्यांचा मान इथे पहिला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याच्या मैफली होतात. कव्वाली नव्हे, आपलं रागसंगीत. हिंदू गवई येऊन भजनही गातात.

तुळशीमाळ यांच्या दिंडीत विणेकरी पुढे उभा असतो ना, त्याच्या गळ्यातली वीणा बहुतेक आमच्या सतारमेकर गल्लीतली. करणारे कारागीर बहुतांश मुसलमान. तुंब्यासाठी लागणारे कडू भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूनं, भीमेच्या काठचे. भोपळा वाळवून, आतून कोरून, त्यावर लाकडी तबकडी बसवून, दांडी जोडून, मग तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर जवारी काढतात, म्हणजे सूर घुमेल अशी ती घासतात. जवारी काढणारा माणूस कान तारेला लावून बसतो, कानस फिरवतो, परत ऐकतो. तासन्‌तास चालतं ते. ती वीणा वारीत विठ्ठलापुढे वाजते.

आणि याच गावात सप्टेंबर 2009 ला गणपतीच्या दिवसांत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली, संचारबंदी लागली, गणपती मंडपात खोळंबले. त्या आठवड्यात गल्लीतली कामं बंद होती. ज्यांच्या हातची वीणा घरात देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली, त्यांच्याच दुकानासमोरून जायला माणसं बिचकत होती. मला विचारायचंय ते हे, की चारशे-पाचशे वर्षांचा सहवास एका कमानीपुढे आठवड्यात कसा काय हरतो? मला वाटतं, सहवास असतो कामाचा आणि सणाचा. सत्ता असते तिसऱ्याच कोणाकडे, आणि तिला निवडणुकीच्या आधी गर्दी लागते. विधानसभेची निवडणूक पुढच्याच महिन्यात होती.

माणदेशी

मिरजकर, अगदी हेच. त्याला जोडून, प्रश्नचिन्ह यांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर देतो.

देव बाजूला काढला की फूट मिटते, असं असतं तर विसाव्या शतकाचा आपला इतिहास वेगळा दिसला असता. सावरकर कर्मकांड मानणारे नव्हते, गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहिणारे होते. 1931 साली रत्नागिरीत पतितपावन मंदिर सर्व जातींना खुलं झालं त्यामागे ते होते. जिना रोजच्या आचरणात धर्म पाळण्यासाठी कधीच ओळखले गेले नाहीत. तरी हिंदू आणि मुसलमान ही दोन वेगळी राष्ट्रं, ही मांडणी दोघांच्याही राजकारणात आहे. दुसरीकडे मौलाना आझाद, गांधीजी, साने गुरुजी हे गाढ श्रद्धेचे लोक फाळणीच्या विरोधात उभे. फूट पाडायला देव लागत नाही. ‘आपण’ आणि ‘ते’ एवढं पुरतं. देव असला तर ते काम सोपं होतं, हे मात्र मी मान्य करतो, आणि तिथे प्रश्नचिन्ह यांचं म्हणणं खोडता येत नाही.

गोदाकाठ, ‘बाहेर उभ्या माणसाला काय वाटत होतं’ हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

सावली_ठाणे

बाहेर उभ्या माणसांत बायका धरल्यात का?

2016 हे एकच वर्ष घ्या. गुढीपाडव्याला, 8 एप्रिलला, शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायका चढल्या. त्याआधी उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की पुरुषांना जिथे जाता येतं तिथे बाईला अडवता येणार नाही. त्याच वर्षी 26 ऑगस्टला त्याच न्यायालयानं हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्याबद्दल निकाल दिला आणि नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या. हाजी अलीला तर आधी बायका मजारीपर्यंत जात होत्या, बंदी नंतर आली. म्हणजे ‘पूर्वापार’ हेही खरं नव्हतं.

एक देव तेलाचा, एक दर्गा समुद्रातला. दोन्हीकडच्या विश्वस्तांची एकमेकांशी कधी ओळख नसेल, पण युक्तिवाद तोच. टीव्हीवर दोन धर्मांची माणसं रोज भांडताना दिसतात, बाईला बाहेर ठेवायचं म्हटलं की त्यांचं एकमत होतं. धर्म तोडतो हे तर खरंच, पण तो कुठे जोडतो तेही बघा.

मी स्वतः शनीला तेल घालत नाही आणि दर्ग्यातही जात नाही. तरी त्या दोन्ही दिवशी मला आनंद झाला. गोदाकाठ म्हणतात तसं, आत जायचं की नाही ते मग मी ठरवेन.

मांडवी

गोव्यातून थोडक्यात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला हिंदूही तेल वाहतात; शिरगावची लईराई देवी आणि सायबीण या बहिणी मानल्या जातात. हे सगळे अभिमानानं सांगतात आणि सांगायलाच हवं. पण धर्म बदलून पाचशे वर्षं होत आली तरी बामण, चारडी, सुदीर हे जातींचे शब्द इगर्जेच्या (चर्चच्या) अंगणात जिवंत आहेत. कोणत्या कॉन्फ्रारीनं (चर्चच्या मंडळानं) कुठलं फेस्त करायचं यावरून वाद झालेत. देव बदलला, प्रार्थना बदलली, जात तशीच आत आली. म्हणून ‘अमुक एक धर्म वाईट’ या सुरात धागा जाऊ नये एवढी विनंती.

प्रश्नचिन्ह

मान्य. मी कुठल्या एका धर्माविरुद्ध लिहीत नाही.

एक नोंदवतो. डॉ. दाभोलकरांची हत्या 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात झाली, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर. त्या पुलाला नाव आहे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचं. शिंदे प्रार्थना समाजाचे, एकेश्वरवादी, भजन करणारे. अस्पृश्यता निवारणासाठी 1906 साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. दाभोलकर स्वतः नास्तिक, पण अंधश्रद्धा निर्मूलन समिती या आपल्या संघटनेची भूमिका देवाधर्माला विरोध अशी त्यांनी कधी ठेवली नाही. शोषणाला विरोध, एवढीच ठेवली. तुळशीमाळ यांच्यासारखे माळकरी त्यांच्या सभांना यायचे. मी त्या सभांना गेलेला आहे. नास्तिकानं सतत ‘देव नाही’ म्हणत बसण्यापेक्षा फसवणाऱ्या बुवाच्या समोर जाऊन उभं राहावं, हे मी तिथे शिकलो. आणि तरी त्यांना मारलं. ‘देव नाही’ म्हणणाऱ्याला या समाजात किती किंमत मोजावी लागते, हे आस्तिक मित्रांनी विसरू नये. तुम्ही देव मानता म्हणून तुम्हाला कोणी पहाटे फिरायला जाताना गोळ्या घालत नाही.

लेकीची_आई

मी हिंदू घरातली, नवरा मुसलमान. विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. लेक आता आठवीत आहे. शाळेच्या अर्जात धर्माचा रकाना आला की आम्ही तिघं बसून बोलतो. तिचं म्हणणं, ‘मला अजून ठरवायचंय, तसं लिहिता येतं का?’

महात्मा फुल्यांचं ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तक 1891 साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झालं. त्यात एक कुटुंब कल्पिलंय: आई बौद्ध ग्रंथ वाचून बौद्ध झालेली, वडील बायबल वाचून ख्रिस्ती, मुलगी कुराण वाचून मुसलमान, मुलगा सत्यधर्मी, आणि सगळे एका घरात प्रेमानं नांदताहेत, कोणी कोणाचा द्वेष करत नाही. लेकीला ते वाचून दाखवलं. तिनं विचारलं, ‘त्यांच्याकडे भाड्यानं घर मिळालं असतं का?’

आम्हाला आडनाव ऐकून नकार देणाऱ्या सोसायट्यांची यादी मोठी आहे. त्यातल्या एकानंही आम्हाला देव मानता का, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर नवऱ्यानं ‘हो’ म्हटलं असतं, मी ‘माहीत नाही’.

माणदेशी

ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न या धाग्यात मी मांडलेल्या प्रश्नापेक्षा नेमका आहे.

आता माझ्या गावाचं लिहितो, कारण ते लिहिल्याशिवाय हा धागा काढण्याला अर्थ नाही. आमच्या गावात देऊळ सगळ्यांना खुलं आहे, पाणी नळाला येतं. पण स्मशानं दोन. एकाला पत्र्याची शेड, लोखंडी दाहिनी, रस्त्यापर्यंत सिमेंट. दुसरं ओढ्याकाठी, उघड्यावर. गेल्या पावसाळ्यात तिथे एका आजींना अग्नी देताना माणसं वर प्लास्टिकचा कागद धरून उभी होती, लाकडं पेटत नव्हती, आणि शेड चार शेतांपलीकडे रिकामी होती. कोणी नको म्हणालं नव्हतं. कोणी ‘तिकडे न्या’ असंही म्हणालं नाही. मेल्यावर आत्मा कुठे जातो यावर गावात तीन मतं असतील, मढं कुठे न्यायचं यावर एकच.

येत्या ग्रामसभेत आम्ही काही जण एकच स्मशानभूमी असा ठराव मांडणार आहोत. विरोध कोण करणार ते ठाऊक आहे, आणि त्यातले दोन माझ्या भावकीतले आहेत. कोणाच्या गावात हे झालं असेल तर कसं केलं ते सांगा.

तुळशीमाळ

आमच्याकडे झालं. ठरावाच्या आधी भजनी मंडळाला धरलं. प्रेतयात्रेत टाळ घेऊन पुढे तेच असतात. ते ज्या वाटेनं वळले, गाव त्या वाटेनं वळलं. पहिल्या वेळी पाटलांच्या घरातली दोन वडील माणसं बरोबर चालली, तेवढ्यानं कुजबुज बंद झाली.

गोदाकाठ

ठराव मांडण्याआधी ओढ्याकाठच्या वस्तीत जाऊन विचारा. त्यांना शेड तुमच्यात हवीय, की त्यांच्या जागेवर स्वतःची हवीय? दोन्ही मागण्या रास्त आहेत. आमच्या माणसांची राख तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडलेली असते. त्यांच्या वतीनं तुम्ही ठरवू नका.

माणदेशी

रविवारी जातो वस्तीवर. ठरावाचा मसुदा त्यानंतरच लिहू.

तेरणाकाठ

जनसुविधेच्या अनुदानातून स्मशानशेडला पैसे मिळतात, जिल्हा परिषदेकडे ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेचा उतारा लागतो. ओढ्याकाठची जागा गावठाणाच्या नावावर आहे का ते आधी तलाठ्याकडे बघून घ्या, आमचं काम तिथेच अडलं होतं.